फळीवर ठोकलेला बूट

इंदूरच्या एका गोल्फ क्लबात मी टायपिस्ट होते, तेव्हा तिथे एक वयस्कर काका नवशिक्यांना खेळ शिकवायचे. लहानपणी महूच्या लष्करी छावणीत साहेबांच्या गोल्फच्या बॅगा वाहताना ते बघून बघून शिकलेले. पुढे मिलमध्ये लागले आणि मिल बंद पडल्यावर इथे आले. त्यांचा स्विंग, म्हणजे चेंडू मारताना काठी फिरवायची ढब, जुन्या पद्धतीचा; डावी टाच उचलून ते सगळं अंग वळवायचे. दिल्लीहून व्हिडिओ कॅमेरा घेऊन आलेल्या नव्या कोचने बजावलं, "टाच जमिनीवरच हवी. महिन्यात जमलं तर नोकरी राहील."

काकांनी डावा बूट खिळ्यांनी फळीवर ठोकला आणि शेडमागे रोज त्यात पाय घालून सराव सुरू केला.

मी म्हटलं, "काका, कंबर जाईल."

"जाऊ द्या ना, बाईजी. मिलमध्ये तर नवीन शिकता का, असं कुणी विचारलंही नाही. इथे विचारलं तरी."

महिन्याने कोचने परीक्षा घेतली, तेव्हा ते फळी घेऊनच आले. बूट जागचा हलला नाही, टाच मात्र बुटातून वर आली.

नोटीस मीच टाइप केली. ती घ्यायला काका चपला घालून आले.

"बूट तरी सोडवून न्या," मी म्हटलं.

"निघणार नाही, बाईजी. पक्का ठोकलाय."