कातरलेल्या शेपट्या

धुरपताबाईचा स्वभाव अड्याळच्या अलीकडल्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होता. घरी मापून आलेलं दूध ती पुन्हा मापायची, देवळातल्या दिव्याचं तेल कमी दिसलं की पुजाऱ्याकडे टक लावून पाहायची. गळ्यात तुळशीची माळ, मासळी तिला वर्ज्य. पण सासऱ्यानं खोदलेल्या बोडीवर, शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या लहानशा तळ्यावर, तिचा जीव होता.

अठ्ठ्याहत्तर साली पुंडलिकरावांनी, तिच्या मालकांनी, बोडीत मरळ सोडली. मरळीला खायला म्हणून बोटाएवढी रुपेरी मासळीही सोडली. ती वाढत राहील, तिच्यावर मरळ पोसेल, असा बेत. धुरपतानं घाटाजवळचं गवत आणि कमळाची पानं उपटून घेतली, देवाचं पाणी स्वच्छ असावं म्हणून. रोज पूजा झाली की नैवेद्याचा भात ती तिथंच टाकायची. मासळी झुंडीनं वर यायची आणि तिला सगळं जागच्या जागी असल्यासारखं वाटायचं.

पाऊस ओसरला तशी झुंड विरळ झाली. तिचा संशय सरळ श्रावण ढिवरावर, गावातल्या मासेमारावर गेला. बोडीची राखण त्याच्या बापापासून त्याच्याच घरी होती आणि धरलेल्या मासळीत त्याचा अर्धा वाटा; पण यंदा बोडीत अजून जाळं पडलं नव्हतं. त्याची बायको आनंदाबाई अड्याळच्या बाजारात मासळी विकायला बसायची. धुरपता तिच्या पाटीपाशी जाऊन उभी राहिली. पाटीत तशीच रुपेरी मासळी, शेपटीच्या बुडाशी बोडीतल्या मासळीसारखाच काळा ठिपका.

"बाई, माळ घालता अन् मासळी एवढी निरखून काहून पाहून राहिल्या?" आनंदाबाई म्हणाली. "भाव सांगू का?"

शेजारच्या बाया हसल्या. धुरपता कानाच्या पाळीपर्यंत तापली. घरी पुंडलिकराव म्हणाले, असा ठिपका नाल्यातल्या मासळीलाही असतो, आपली कोणती ते कसं सांगणार? तेव्हा तिला शेळ्या आठवल्या. दुसऱ्याच्या कळपात गेली तर ओळखू यावी म्हणून घरच्या शेळीचा कान कातरतात, तसंच करायचं.

श्रावण गावाला गेलेला पाहून पुंडलिकरावांनी कोंडा ठेवलेल्या टोपलीत मासळी धरली, ओल्या फडक्यात एकेक दाबली. वाती कापायच्या कातरीनं धुरपतानं प्रत्येकीच्या शेपटीचं वरचं टोक तेवढं उडवलं आणि देवाचं नाव घेत पाण्यात सोडली. जीव दुखावल्याबद्दल त्या दिवशी ती उपाशी राहिली.

पुढच्या बाजारी आनंदाबाईच्या पाटीतल्या साऱ्या शेपट्या धड निघाल्या. त्यानं तिचा संशय उलट वाढला. श्रावणला सुगावा लागला असेल, खुणेची मासळी दुसरीकडे जात असेल. ती मालकांच्या मागेच लागली. शेवटी तेही कंटाळले. जाळं टाकून बोडीत काय उरलंय ते पाहू, कमी निघालं तर दसऱ्यापासून राखणीला दिघोरी गावचा माणूस ठेवू, असं त्यांनी श्रावणच्या तोंडावर सांगितलं. श्रावणनं जाळं खांद्यावर टाकलं. आनंदाबाईचा चेहरा मात्र उतरला.

जाळं आधी पलीकडे पडलं. मोजकीच मासळी आली. मग घाटाशी टाकलं, तर दंडाएवढी मरळ लागली. पुंडलिकरावांनी ती घरी न्यायला आनंदाबाईला तिथंच साफ करायला सांगितली. काही लपवतील म्हणून धुरपता नाकाला पदर लावून जवळच उभी राहिली.

पोट फाडलं तसे रुपेरी तुकडे बाहेर आले. शेपट्या अजून पचल्या नव्हत्या. वरचं टोक कातरीनं उडवलेलं, एकीचं, दुसरीचं, तिसरीचंही.

"पोटात भातही हाय, बाई," आनंदाबाई विळीवरून मान न उचलता म्हणाली. "कोनाच्या घरचा म्हनावा?"

धुरपतानं उघड्या घाटाकडे पाहिलं. लपायला एक पान तिनं ठेवलं नव्हतं आणि भात टाकून रोज तीच मासळीला बोलवत होती.

वाटेत पुंडलिकरावांनी विचारलं, दिघोरीला निरोप धाडू का?

"कायले?" ती म्हणाली. "श्रावणच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी नैवेद्याचा भात तिनं पलीकडच्या कमळाच्या पानांत टाकला. बाजाराच्या दिवशी मात्र आनंदाबाईच्या पाटीपाशी तिची पावलं रेंगाळली, आणि नजर शेपट्यांवरून फिरून आली.