उरलेल्या चार गोळ्या

"लघवीची आग थांबली तरी सगळ्या गोळ्या संपवा," डॉक्टरीणबाईंनी आज बजावलं. घरी येऊन धने भिजत घातले, आणि त्या वासासरशी माझी मोठी जाऊ समोर उभी राहिली.

कपाशीच्या शेतात आडोसा नसे, म्हणून आम्ही दोघी दिवसभर पाणीच पीत नसू. दोघींनाही उन्हाळी लागली; लघवीची आग धन्याचं पाणी पिऊनही थांबेना. दवाखान्यात ती एकटीच गेली; मी लाजले. तिसऱ्या दिवशी तिने पदराची गाठ सोडून उरलेल्या चार गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

"माले आते बरं वाटस. ह्या तू खाय."

आठवड्याने ती कंबर धरून तापाने फणफणली. धुळ्याला नेली, ती परत आलीच नाही.

"तिला औषध लागू पडलं नाही," असं घरात अजून म्हणतात.

मला पडलं होतं.