मोहन्याचं हिरवं बटण आणि माझी रिकामी बॅग

स्पितीचा रस्ता विचारणाऱ्यांनो, ह्या वेळी मी मोहन्याला गेलेले. हसू नका. माझ्या डोक्याचा इतका भुगा कुठल्याच घाटात झालेला नाही, आणि घरी येऊन इतके दिवस झाले तरी तो निस्तरलेला नाही.

झालं असं. माझी आत्या मोहन्याला एकटी राहते. आतोबा तिथल्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, पुढे आतोबा गेले, आत्या मात्र जागची हलली नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी महापालिकेने तिला एक डबी दिलीय, साबणाच्या वडीएवढी. रोज सकाळी तिच्यावरचं हिरवं बटण दाबायचं. दाबलं की माझ्या आणि माझ्या भावाच्या, म्हणजे माजिवड्याच्या दादाच्या मोबाईलवर मेसेज येतो, 'सुखरूप'. नाही दाबलं तर महापालिकेच्या मदत केंद्रातून तिला फोन जातो. तर दसऱ्यापासून मेसेजच बंद! फोन केला की आत्या अगदी मजेत. म्हणते, "दाबते की गं रोज."

"ती विसरायला लागलीय," दादाने फोनवर निकाल देऊन टाकला. "तू जा, बॅग भर आणि तिला माजिवड्याला घेऊन ये. कायमची."

"अरे, पण तिला विचारलंस का?"

"विचारलं तर ती हो म्हणणारे?"

मी माळ्यावरची मोठी बॅग काढली आणि निघाले.

जायचं असेल तर सांगते. कोपरहून टिटवाळा गाडी पकडून शहाडला उतरायचं. स्पेशल रिक्षावाले मागे लागतील, अजिबात ऐकायचं नाही. शेअर रिक्षा वडापावाच्या पैशात मोहन्याला सोडते. पोट रिकामं ठेवा, कारण आत्या घावणे घालते आणि नको म्हटलेलं तिला ऐकू येत नाही.

तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे.

"रिकामी बॅग घेऊन कुठे निघालीस?"

मी बॅग पाठीमागे सरकवली.

"मला न्यायला आलीस ना? दादाने पाठवलं असणार. मी इथून हलायची नाही, सांगून ठेवते. बस, घावणे घालते."

घावणे खाता खाता मी विचारलं, डबी कुठाय? तिने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. डबी देवांच्या शेजारी पाटावर, वर सुकलेलं झेंडूचं फूल आणि हिरव्या बटणावर हळदीकुंकवाचा हा जाड थर!

"आत्या, हे काय गं?"

"खंडेनवमीला आतोबांचा पाना पुजला, माझी विळी पुजली. म्हटलं, हे बिचारं एकटंच कशाला राहायला हवं?"

मला इतकं हायसं वाटलं की मी खदाखदा हसत सुटले. म्हणजे ही विसरत नाहीये, बटण अडकलंय! लगेच दादाला फोन लावला. तो म्हणाला, केंद्रात दाखवून खात्री करून घे आणि तशीच तिला जेवायला घेऊन ये, मग बघू.

केंद्र कल्याणला. काउंटरवरच्या मुलीने डबी बघितली आणि न बोलता कापूस आणि स्पिरिट काढलं. "दसऱ्यानंतर अशाच येतात. कालच्या आजोबांनी तर हार घातलेला." पुसून तिने बटण दाबलं, माझा मोबाईल वाजला. सुखरूप.

"पण मॅडम, हे अडकलेलं नव्हतं हां," ती म्हणाली. "कुंकू वरवर होतं. दाबलं असतं तर मेसेज गेला असता."

मी आत्याकडे बघितलं. "पंखा फार कुरकुरतो गं इथला," आत्या वर बघत म्हणाली.

तेवढ्यात आतल्या टेबलावरची, कानाला हेडफोन लावलेली बाई उठून आली. "मोहन्याच्या आत्या ना तुम्ही? आवाज ऐकला आणि ओळखलं! अहो, सकाळच्या फोनवर तुम्ही सांगितलंत तसं पीठ पातळ केलं, काल घावणे सुटले एकदाचे."

आत्याचा चेहरा असा फुलला की बस. "तवा तापू दिलास ना पण?" दोघी बोलतच बसल्या. मी मध्ये वेड्यासारखी उभी. ही विसरत नाही, बटणही बिघडलेलं नाही, मग हे चाललंय काय? राग आला आणि हसूही आलं.

माजिवड्याला जाणारी बस दुर्गाडीवरून, कोन, रांजणोली नाका असं करत जाते. धूळ फार, ओढणी हाताशी ठेवा. मी मनात वाक्यं जुळवत होते. विसरते म्हटलं तर दादा तिला ठेवून घेणार. मुद्दाम दाबत नाही म्हटलं तर पोरकटपणा करते म्हणून ठेवून घेणार. मग खरं सांगून उपयोग काय?

दादाच्या घरी वहिनीने मस्त मसालेभात केलेला. जेवताना दादाने विचारलंच, "काय निघालं शेवटी?"

आत्याचा घास हातात तसाच राहिला.

"कुंकवाने अडकलेलं," मी म्हटलं.

"नक्की?"

"अरे, नक्की म्हणजे काय! आत्ता चालतंय ना?"

"बरं. पण परत मेसेज चुकला तर आत्या इकडे राहणार. मग मी कुणाचं ऐकणार नाही."

आत्याने घास तोंडात घातला आणि वहिनीकडे अजून भात मागितला. संध्याकाळी तिला मोहन्याला सोडून मी रिकामी बॅग घेऊन कोपरला परत आले.

तेव्हापासून मेसेज रोज येतो. पहिले काही दिवस मी 'सुखरूप' वाचायची आणि मोबाईल बाजूला ठेवून जेवणाच्या डब्याच्या मागे लागायची. मग एकदा ध्यानात आलं, तिने बटण दाबलं की तिला कुणाचाच फोन जात नाही. केंद्राचा नाही, दादाचा नाही, माझा नाही. महापालिकेचं काहीच चुकत नाहीये. मग चुकतंय कोण, हे मला अजून ठरवता येत नाहीये.

म्हणून आता चहा उकळायला ठेवला की मीच तिला फोन करते. काल तिने दारातली जास्वंद, शेजारणीचं मांजर, सगळं सांगून झालं आणि मग विचारलं, "आता तुझ्याशी बोलले. मग बटण दाबू का नको?"

"दाब गं बाई! नाहीतर दादा घाबरेल."

"हो ना," आत्या म्हणाली. "घाबरला की लगेच फोन करतो."