पापलेटचा काटा

माणसाने मासे सोडावेत की सोडू नयेत, याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. फक्त एकदा सोडले असतील, तर पुन्हा धरताना आईला बोलावू नये.

मी मूळचा मालवणकडचा. आमच्याकडे पोरं बोलायला शिकण्याआधी काटा काढायला शिकतात, असं आम्हीच सगळीकडे सांगत फिरतो. ऐंशीच्या दशकात नोकरीनिमित्त सिल्वासाला आलो, शाळेत मास्तर झालो आणि त्याच शाळेत शिकवणाऱ्या शैलाच्या प्रेमात पडलो. शैला नाशिकची. चातुर्मासात तिच्या घरी कांदाही पायरीवरूनच परत जायचा. तिचे वडील, दादा, लग्नाची बोलणी करायला तिच्या सिल्वासाच्या खोलीवर आले तेव्हा त्यांची अट एकच होती.

“मासे-मटण सोडावं लागेल.”

“सोडलं!” मी म्हणालो.

“विचार करून सांगा.”

“केला!”

(शैला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. त्या क्षणी दादांनी भात सोडायला सांगितलं असतं, तरी मी सोडला असता!)

लग्न झालं. टोकरखाड्याला दोन खोल्या मिळाल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी नक्की काय बोलून बसलोय! रोज सकाळी दमणहून मासे घेऊन येणारी बाई आमच्या कॉलनीत हाळी द्यायची. ती ओरडली की माझा घास तोंडाशी थांबायचा. पुढ्यात काय? तर पडवळाची भाजी. शेजारचे पाटील धुळ्याकडचे, खडोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांना मटणातलं सगळं कळायचं आणि मासळीतलं काहीही नाही. त्यामुळे मासेवाली आली, की ते थेट माझं दार वाजवायचे.

“सर, जरा बघा ना, ताजा शे का?”

मी बाहेर जायचो. माशाचे कल्ले उचलून पाहायचो, डोळे बघायचो, पोटाला बोट लावायचो आणि निकाल द्यायचो. हळूहळू अख्खी कॉलनी माझ्याकडे मासे दाखवायला यायला लागली. एरवी कुणी माझं मत विचारत नसे; पण बोंबलाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा! सगळ्यांनी मासे न्यायचे, तळायचे, खायचे आणि मी हात धुऊन आत येऊन पडवळ संपवायचं. वर रविवारी ओट्यावर बसून मी व्याख्यान द्यायचो. सुरमई कशी कापावी, बांगड्याला तिरफळ का लागतं, कोळंबीत काय घालू नये.

“सर,” पाटील एकदा म्हणाले, “तुम्ही खात तर काहीच नाही, पण बोलता असं, की आमचंच पोट भरून जातं.”

अशी वर्षांमागून वर्षं गेली. मग एका मे महिन्यात दादा आमच्याकडे राहायला आले. त्यांचा धाकटा मुलगा नुकताच परदेशी स्थायिक झाला होता. एका दुपारी सुपारी कातरता कातरता ते एकदम म्हणाले, “जावईबापू, आमचा तो तिकडे काय काय खातो, ते सांगत नाही. मीही विचारत नाही. पोटच्या पोराला मोकळं सोडलं आणि तुम्हाला बांधून ठेवलं, हे मला रुचत नाही. तुम्ही आजपासून मोकळे.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी शैलाकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघताय?” ती म्हणाली. “खा एकदाचे! निदान त्या बोंबलांचे डोळे तपासून आल्यावर तासभर उसासे टाकणं तरी बंद होईल.”

आणि इथे मी ती घोडचूक केली. गावच्या दुकानात फोन लावला आणि दुकानदाराला म्हणालो, “आईला सांग, मी मासे खायला लागतोय. करून घालायला ये.”

आई आली! एसटी, आगगाडी, वापीहून परत बस असा प्रवास करून, एकटी. सोबत नारळ, आमसुलं, तिरफळं, लोखंडी तवा आणि (हे मी शपथेवर सांगतो) एक वरवंटा.

“आई, सिल्वासाला दगड मिळतात गं!”

“गप ऱ्हव. मसालो ह्याच वरवंट्यान वाटूचो लागता.”

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच ती पाटलांना घेऊन बाजारात गेली. माझा सल्ला तिने विचारलासुद्धा नाही. तिथे तिने टोपल्या बघितल्या आणि भर बाजारात विचारलं, “ह्ये मासे मोटारीन इले? आमच्याकडे मासो होडयेतसून उतारता आणि चुलीर जाता!” मासेवालीला मालवणी कळत नव्हती आणि आईला गुजराती, पण भांडण मात्र उत्तम झालं, असं पाटील सांगत होते. शेवटी आईने पापलेट, म्हणजे आमचा सरंगा, निवडलं. मला जरा अपमान वाटला. पापलेट म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याला आणि मुंबईच्या पाहुण्याला.

“इतक्या वर्सांची सवय मोडली हा तुझी,” आई म्हणाली. “सरंगो बरो. सरंग्याक काटो असता तरी खय!”

दुपारी बैठक बसली. शैला पदराने नाक दाबून दारात. दादा आमच्याकडे पाठ करून खिडकीशी. पण कान पूर्ण इकडे. पाटील घरून स्वतःचं ताट घेऊन हजर. मधोमध मी आणि समोर पालथी मांडी घालून आई, नजर माझ्या तोंडावर.

तवा उतरला. तळलेल्या माशाचा तो वास आला, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं झुरलो होतो, आणि माझ्या पोटातून एक मोठी लाट वर आली. ओकारीची!

मी हादरलो. हे कसं शक्य आहे? मी श्वास रोखला, तुकडा मोडला, तोंडात टाकला. काहीतरी ऊन, मऊ, अनोळखी तोंडात फिरायला लागलं. जीभ त्याला ओळखच देईना. घास पुढे जाईना, मागेही येईना. डोळ्यांत पाणी आलं.

“बघा, डोळे भरून आले सरांचे,” पाटील गहिवरून म्हणाले.

“खा रे माझ्या राजा,” आईचेही डोळे भरले.

“कसं झालंय?” खिडकीकडून दादा. “आवडलं का?”

आता सांगा, या परिस्थितीत माणसाने काय करावं? थुंकावं, तर आई मालवणहून वरवंटा घेऊन आलेली. ठेवावं, तर पोट वर येतंय. मी डोळे मिटले आणि न चावता सगळा घास गिळला.

तो गेला. त्यातला एक काटा तेवढा थांबला.

“ख्ख!” मी म्हणालो.

“काय म्हणतात?” दादा.

“फार छान झालंय म्हणतात,” पाटील.

“ख्ख! ख्ख!” मी गळ्याकडे बोट केलं.

यानंतर माझ्या घशावर ज्याला जे सुचेल ते झालं. आईने सुक्या भाताचे गोळे गिळायला लावले. शैलाने केळं कोंबलं. पाटलांनी पाठीत असा गुद्दा घातला, की काटा होता तिथेच राहिला, पण केळं बाहेर आलं. जन्मात माशाला हात न लावलेले दादा पुढे आले, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि घशात डोकावून म्हणाले, “दिसत नाही हो काही!” आणि मग फार खिन्नपणे, “माझ्याच तोंडातून नको ते निघालं.”

“दादा, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?” शैला त्यांना समजावायला लागली. म्हणजे काटा माझ्या घशात आणि सांत्वन दादांचं!

“चला सर, टेन्शन नका लेऊ,” पाटलांनी स्कूटर काढली. पुढे पाटील, मध्ये तोंड वासून मी आणि मागे मला पकडून आई. टोकरखाड्यातून सरकारी दवाखान्यापर्यंत अशी आमची मिरवणूक निघाली. तोंड मिटलं की काटा टोचायचा, म्हणून ते उघडंच. रस्त्यात भेटेल तो ओळखीचा! पालक, विद्यार्थी, किराणावाला.

“केम छो, सर?”

“आऽऽ,” मी.

“सर आज फार खुशीत दिसतात,” कुणीतरी मागे म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

डॉक्टर तरुण होता, उत्तरेकडचा. त्याने बॅटरी मारली, लांब चिमटा घातला आणि एका झटक्यात काटा काढून कापसावर ठेवला. माझ्या घशात तो तलवारीएवढा वाटत होता. कापसावर बघतो, तर नखाएवढा! मग त्याने अगदी प्रेमाने विचारलं, “पहली बार मछली खाई है क्या?”

मी भिंतीकडे बघितलं.

“काय इचारता तो?” आईने पाटलांना विचारलं.

पाटलांनी गप्प बसायला हवं होतं. पण खानदेशी माणूस सरळ! “आजी, तो विचारतो, की यांनी पहिल्यांदाच मासा खाल्ला का?”

आईने कापसावरचा काटा बघितला. मग मला बघितलं. मग पुन्हा काटा.

“सरंग्याचो?” ती हळूच म्हणाली. “सरंग्याचो काटो?”

घराच्या पायरीशी ती म्हणाली, “ह्यां गावात कोणाक सांगा नको.”

मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसलो. जेवणाची वेळ उलटून गेली होती, भूक मेली होती, घसा सोलवटला होता. इतकी वर्षं मला वाटायचं, की माझ्याकडे काही नसलं तरी एक गोष्ट आहे. माशांची चव. सोडली आहे ती मी शब्दाखातर, पण आहे माझीच. सोडलेली वस्तू आपली वाट बघत जागेवर उभी असेल, असं मी धरून चाललो होतो. आता शाकाहारी म्हणून मान मिळायचा तोही गेला आणि मासेखाऊ म्हणून तर माझी दवाखान्यात नोंद झाली! उद्या मासेवाली आली, तर कुठल्या तोंडाने कल्ले उचलू?

आई येऊन शेजारी बसली.

“तू लगीन करून सुट्टीत घराक येयस ना,” ती म्हणाली, “तेवा चार दिस आमी डाळभात खाव. तुझो बापूस रोज इचारी, माझो झील कधी जातलो? मी त्येका गप करी. पण माकापण वाटा, ह्यो माझ्या घरात पावण्यासारखो येता आणि पावण्यासारखो जाता. त्येका काय घालू, ताच कळत नाय.”

घसा दुखतोय म्हणून बोलवत नाही, असं मी खुणेने सांगितलं.

ती उठली. जाऊन ताटलीत मऊ भात घेऊन आली. त्यावर पातळ आमटी आणि माशाचा एक तुकडा. बोटांनी तिने तो कुस्करला, बोटांच्या टोकांनी चाचपत एक-एक काटा वेगळा काढला, भातात कालवला आणि लिंबाएवढा गोळा केला.

“आ कर.”

“आई, अगं मी काय...”

“आ कर म्हटलंय ना!”

मी केला. भातामागे लपून तो मासा अगदी बेमालूम आला. वास जरा ओळखीचा वाटला. दुसरा घास आणखी बरा गेला. आईचा चेहरा हळूहळू उलगडत गेला. मुलगा मासे खातोय यापेक्षा तो खाऊ घालण्याजोगा झालाय, याचाच तिला जास्त आनंद झाला असावा. शैला माझ्यामागे उभी राहून वारा घालायला लागली. दादा दारातून म्हणाले, “सावकाश, जावईबापू, चावून!” आणि खूप वर्षांनी मला असं वाटलं, की मी घरी आलोय.

एवढ्यात बाहेरचं दार वाजलं. आणि कुणी उघडायच्या आत आमचे मुख्याध्यापक थेट आत! वलसाडकडचे गृहस्थ, शब्द मोजून बोलणारे. परब सरांना, म्हणजे मला, स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं, हे त्यांना बाजारात कळलं होतं आणि ते काळजीने धावत आले होते.

त्यांना काय दिसलं? दहावीला इतिहास शिकवणारा, डोक्यावरचे केस विरळ झालेला त्यांचा शिक्षक भिंतीला टेकून बसलाय. आई भरवतेय, बायको वारा घालतेय, सासरे “सावकाश, चावून” म्हणताहेत. आणि त्याने, घास अर्ध्यावर असल्यामुळे, तोंड उघडंच ठेवलंय.

साहेबांनी ते सगळं नीट बघून घेतलं.

“जमो, जमो, जेवा,” ते अतिशय मृदूपणे म्हणाले, “घास संपवा आधी.” आणि आले तसे निघून गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. वर्गवाटप झालं. दहावीचा इतिहास शैलाकडे गेला होता. मला पहिलीचा वर्ग!

मी तडक साहेबांच्या खोलीत गेलो. “साहेब, हे कसं काय?”

“परब सर,” चष्मा पुसत ते म्हणाले, “त्या मुलांना डबा भरवावा लागतो. ते काम जवळून बघितलेलं, स्टाफमध्ये दुसरं कोणी नाही.”