मी दरेकशाचं नाव घेतलं

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, तर आधी नवेगाव बांधच आठवतंय. तलावावरचा सकाळचा गारवा, वाळत घातलेली जाळी, मावशीच्या चुलीचा धूर. माझ्या आयुष्यातला इतका सुंदर काळ नेमका त्याच गोष्टीला चिकटलेला असावा — याला काय म्हणायचं?

तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होते. प्रबंधाचा विषय होता, दात दाखवायला येणाऱ्यांच्या तोंडातले विषाणू. गावात शिबिर लावायचं, दात तपासायचे, आणि कापसाची काडी गालाच्या आतून फिरवून नमुना बर्फाच्या डब्यात ठेवायचा. ऐकायला सोपं आहे. पण दुखऱ्या दाढेसाठी आलेली बाई अनोळखी पोरीला तोंडात काडी कशाला घालू देईल? पहिले काही दिवस बायका दात दाखवायच्या आणि काडी पाहिली की पदर तोंडावर घ्यायच्या.

मला तारलं मावशीनं, म्हणजे माझ्या घरमालकिणीनं. मी तिच्याच घरी एक खोली घेऊन राहत होते. तिचा नवरा तलावात मासे धरायचा, मुलगाही. घरात सून देवकी आणि देवकीची दुडुदुडु चालणारी लेक, मुन्नी. मावशी माझ्याबरोबर शिबिरात आली, सगळ्यांसमोर खुर्चीत बसली आणि आ करून म्हणाली, "घाल व बाई काडी, मी कायले भेतो?" त्यानंतर रांग लागली.

त्या घरात पुरुषांचं जेवण झालं की बायका एका परातीत जेवायच्या. भाताचा ढीग, त्यावर माशांचा रस्सा, आणि चहूबाजूंनी हात. आधीची कुणी डॉक्टरीण स्वतःचा डबा घेऊन आली होती. तिची नक्कल मावशी इतकी झकास करायची की मी हसून लोळायचे. मला मात्र पहिल्या दिवसापासून परातीत जागा होती. मुन्नी माझ्या मांडीत बसायची. काटे काढून मासा मी तिला भरवायचे — माझ्या तोंडात घालून, काटा नाही ना हे पाहून, मग तिच्या तोंडात. मावशीच तसं करायची, तिचं पाहून मी शिकले. लहान बहीणसुद्धा इतक्या मायेनं मला कधी चिकटली नव्हती.

आणि एके दिवशी माझ्या ओठावर ताप फुटला.

आपण ताप फुटला म्हणतो, तो पुटकुळ्यांचा पुंजका. आपल्यापैकी कितीतरी जणांना येतो, आठ-दहा दिवसांत जातो. मोठ्यांना त्याचं काही नसतं. पण हा विषाणू पहिल्यांदाच लहान लेकराच्या तोंडात गेला तर काय करू शकतो, हे त्या गावात एकाच माणसाला माहीत होतं. माझा तर विषयच तो! मी आरशात पाहिलं आणि ओळखलं. ओळखण्यात काडीची चूक नव्हती.

मग परातीपासून दूरच का राहिले नाही? कारण मावशीनं हाक मारली — "काऊन व, आज वेगळी काऊन बसून राहिली?" — आणि मला ती डबेवाली डॉक्टरीण व्हायचं नव्हतं. माझे नमुने अजून पुरे व्हायचे होते, हेही खरं. आणि मुन्नी मांडीत येऊन बसलीसुद्धा. मी काटा काढला, मासा तोंडात घातला, मग तिच्या.

पुढच्या आठवड्यात मुन्नी तापली. हिरड्या सुजून लाल, जिभेवर, गालाच्या आत फोडच फोड. पाण्याचा घोटसुद्धा गिळवेना. लाळ गळत राहायची आणि ती रडायची — आवाज न करता, कारण तोंड उघडलं की दुखायचं. तिच्याही तोंडातून मी नमुना घेतला. हो, घेतला. देवकीनं तिचं डोकं धरलं होतं.

मावशीनं विचारलं, हे आलं कुठून? मी डॉक्टरीणच होते, डॉक्टर विचारतात तेच विचारलं — इतक्यात लेकराला कुठं नेलं होतं का? देवकी म्हणाली, "दरेकशाले. माह्या मायच्या घरी."

मी म्हणाले, "मग तिथूनच आलं असेल."

एवढंच एक वाक्य. विषाणूवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, हे मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावत आले. पण दरेकशात तेव्हा कुणाच्या ओठावर काय होतं हे मी पाहिलं नव्हतं. माझ्या ओठावरची खपली मात्र बोलताना तडकत होती.

मुन्नी बरी झाली. मावशीनं मात्र ठरवून टाकलं — लेकरू दरेकशाला जाणार नाही. देवकी एकटीच जायची. एकदा तिची आई स्वतः आली, पदरात चारोळीची पुडी बांधून. मुन्नीला घ्यायला हात पुढे केले, तर मावशीनं लेकरू उचलून आत नेलं. मी ओसरीवर बसून डब्यात बर्फ भरत होते. नुसती भरत राहिले.

आता गोंदियात माझा दवाखाना आहे. परवा देवकी आली, मुन्नीला घेऊन. मुन्नी आता कॉलेजात जाते. अक्कलदाढ दुखत होती. ओठाच्या कडेला पुटकुळ्या होत्या. एकदा शिरला की तो विषाणू जन्मभर अंगात राहतो, अधूनमधून वर येतो. मुन्नीनं विचारलं, "मॅडम, हे मले नेहमीच काऊन होते?"

मी बोलायच्या आधीच देवकी बोलली. तिच्या आवाजात कुणाविषयी राग नव्हता. "लहानपणी आजीच्या घरून लागलं न तुले. मायनं मुके घेतले होते. मरेपर्यंत म्हणे, माह्याच तोंडातून गेलं लेकराले. मग मोठी झाल्यावर मी हिले नेलं तरी माय दुरूनच पाहे. जवळ नाही घे."

माझे हात मुन्नीच्या तोंडात होते. मी दाढ तपासली. मलम लिहून दिलं, ताप फुटला असेल तेव्हा लहान मुलांचे मुके घेऊ नकोस म्हणून सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही.

जाताना देवकीनं पिशवीतून चारोळीची पुडी काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, दरेकशाची आहे, भावानं पाठवली.

मी ती ठेवून घेतली.