पाण्याच्या ठेक्यातली अट

बाहत्तरच्या दुष्काळात कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावची विहीर तळाला गेली, तेव्हा मी ग्रामपंचायतीत पंच होते. बायकांसाठी दोन जागा राखीव होत्या. एकीवर मी आणि दुसरीवर सरपंचांची चुलती. चुलती सभेला येत नसे. शिपाई घरी जाऊन तिचा अंगठा घेऊन यायचा. मी सातवी शिकलेली, त्यामुळे जायचे. दाराजवळ सतरंजीच्या कडेला बसायचे. बोलायचं मनात आलं की आधी पायाच्या बोटांची चुळबुळ सुरू व्हायची.

एका सभेत ठरलं, की सीनेकाठच्या एका विहिरीला अजून पाणी आहे, ते बैलगाडीवर टिपाडं, म्हणजे पत्र्याची मोठी पिंपं, ठेवून आणायचं आणि त्याचा ठेका द्यायचा. पण गाड्या कुणाकडे होत्या? निम्म्या गावाच्या ऊसतोडीला राहुरीकडे गेलेल्या. उरलेली जनावरं छावणीत. माझ्या सासऱ्यांनी कडबा राखून ठेवला होता, म्हणून आमच्या दोन बैलजोड्या तेवढ्या दावणीला होत्या. अर्ज एकच आला, माझ्या मालकांचा.

ग्रामसेवक घसा खाकरून म्हणाले, "हा ठेका देता येणार नाही. पंचाचा किंवा त्याच्या घरच्यांचा पंचायतीच्या ठेक्यात हिस्सा चालत नाही. सरकारी नियम आहे."

"गड्याच्या नावानं घ्या की," सरपंच म्हणाले. "कोन बघतंय?"

"आडून घेतलेलाही चालत नाही. कुणी वर तक्रार केली तर ठेका रद्द होईल आणि बाईंचं पदही जाईल. मग पाणी कोण आणणार?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सतरंजीचा दोरा ओढत राहिले.

घरी आले तर मन कशातच लागेना. भाकरी करपली. घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली, मग पाण्याची आठवण होऊन तशीच ठेवली. मालक ओट्यावरून म्हणाले, "तुझ्या खुर्चीपायी गाव तहानेलं ठेवायचं का?"

"मला कुठं खुर्ची हाय? सतरंजी हाय."

ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. जागा सोडायला मी तयार होते. जीव अडकला होता तो ओढ्यापलीकडच्या वस्तीत. त्या लोकांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत. कुणी वरून वाढेल तेवढंच त्यांचं पाणी. आता गाड्या सुरू झाल्यावर त्यांच्या वाट्याला टिपाडाचा तळच येणार, हे मला दिसत होतं. आणि सभेत त्यांचं नाव काढणारं दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या सभेला गेले आणि बसायच्या आधीच बोलले. "ठेका कुणालाबी द्या, पन त्यात अट घाला. रोजची पहिली गाडी ओढ्यापलीकडं जाईल."

कुरकुर झाली. सरपंचांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण बाहेर बाया रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या, वाद घालायला कुणाला सवड नव्हती. ग्रामसेवकांनी अट लिहून घेतली, वाचून दाखवली. मग मी राजीनामा सरपंचांच्या हातात दिला आणि उन्हात बाहेर पडले. पाय घराकडे वळेनात. उगीचच देवळाला वळसा घालून आले.

ठेका आमच्याकडे आला. सुरुवातीचे दिवस गाडी ठरल्याप्रमाणे गेली. मग एका सकाळी वस्तीवरची म्हातारी आमच्या अंगणाबाहेर येऊन उभी राहिली.

"बाई, गाडी येईना झालीया. तुमी पंच हाय म्हनून सांगाया आले."

"मी न्हाई आता पंच."

"मंग आमी कुनाला सांगायचं?"

मालक आल्या आल्या मी त्यांच्यावर तुटून पडले. त्यांनी मुकाट्यानं बैल सोडले, मग म्हणाले, "चौकात बाया गाडीला लटकत्यात. लेकरं चाकाखाली येत्यात. मी काय करू, चाबूक उगारू?"

ते खोटं बोलत नव्हते. म्हणून माझा राग आणखीच वाढला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीवर टिपाडांच्या मधे मी चढून बसले. चौकात गर्दीनं गाडी अडवली. "ही ओढ्यापलीकडची," मी ओरडले. "तुमची मागून येती हाय!" शिव्या पडल्या. जिच्याबरोबर मी रोज धुण्याला जायचे, तिनं घागर चाकावर आपटली. मालकांनी बैलांची शेपटी पिळली. गाडी निघाली आणि मी टिपाड घट्ट धरून बसले.

वस्तीवर बाया लांब उभ्या होत्या, वरून वाढण्याची वाट बघत. मी खाली उतरले आणि म्हातारीला म्हटलं, "तोटी तुमीच सोडा." ती माझ्याकडे बघतच राहिली. मालक दबल्या आवाजात म्हणाले, "अगं, गाव म्हनंल टिपाड बाटलं." म्हातारीनं तोवर तोटी फिरवली होती.

परतताना ओढा ओलांडल्यावर मालक म्हणाले, "ही टिपाडं ह्याच गाडीवर ऱ्हाऊ दे. गावाला दुसरी नेतो." मला ते पटलं नाही, वेगळी टिपाडं म्हणजे पुन्हा वेगळी विहीरच. पण भांडायचं तर गाडी बंद पडेल, म्हणून गप्प बसले. ती गप्प बसण्याची तगमग अजून गेलेली नाही.

पाऊस लागेपर्यंत मी त्या गाडीवर बसत होते. माझ्या जागी सरपंचांच्या सुनेला घेतलं. शिपाई आता दोन घरी अंगठे घ्यायला जाऊ लागला. पुढच्या निवडणुकीला मालकांनी पंचायतीचं कुठलंच काम घ्यायचं नाही असं ठरवलं आणि मी पुन्हा उभी राहिले. पडले. ओढ्यापलीकडच्या मतांवर अनामत तेवढी वाचली.