वरचे काका जेवायला येतात

आमच्या पोलाद कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर सहामध्ये, असं एकही स्वयंपाकघर नसेल, जिथल्या मिठाबद्दल वरच्या काकांनी आपलं मत दिलेलं नाही. वरचे काका म्हणजे आमच्या डोक्यावरच्या क्वार्टरमध्ये राहणारे काका. त्यांना रीतसर नाव आहे, पण ते पेन्शनच्या कागदांपुरतं. ब्लॉकमध्ये लहानथोर सगळे त्यांना वरचे काकाच म्हणतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी रायपूरला असते, आणि काकांच्या स्वतःच्या गॅसवर चहाशिवाय काही शिजल्याचं कुणाला आठवत नाही. त्यांच्याबरोबर रोलिंग मिलमधून रिटायर झालेले कितीतरी जण कॉलनीबाहेर, कुरुदकडे, घरं बांधून गेले. काकांनीही तिकडे प्लॉट पाहिला होता, पण दुपारी जेवणाच्या वेळी पाहिला आणि परत आले. "कॉलनी बढिया हाये," म्हणाले, "पण घरं दूरदूर. शेजाऱ्याच्या फोडणीचा वासच येत नाई. तिथं मानूस जगंन कसा?"

हे नाक म्हणजे एक प्रकरणच आहे. खाली मी कढईत काय टाकलंय ते मला कळायच्या आधी काकांना वर कळतं. मग जिन्यावर चपला वाजतात आणि दारात काका उभे. "जयभीम सूनबाई, वांगे करून राहिली का?" जेवायला बसा म्हटलं की ते कधीच हो म्हणत नाहीत. आधी म्हणतात, "नाई नाई, मी जेवून आलो." मग म्हणतात, "बरं, चव पाहतो." मग खुर्ची ओढतात, शर्टाच्या ज्या खिशात बाकीचे लोक पेन ठेवतात त्या खिशातून हिरवी मिरची काढतात, आणि त्यानंतर पोळ्यांच्या डब्यात काय उरेल ते नशिबावर असतं. खाण्याचा वेगही असा, की आपण पाणी आणायला जावं आणि येईपर्यंत ताट चकाचक. कॅन्टीनमध्ये अर्ध्या तासात जेवून मशीनवर परतायची सवय, ती रिटायर झालीच नाही. एकदा त्यांचे जिवलग मित्र वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आम्ही सगळे गेलो होतो. काका खरोखर रडत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तशाच भिजल्या डोळ्यांनी ते आचाऱ्याला बाजूला घेऊन सांगत होते, "अरे बाबू, तो फोडणीच्या बाबतीत भलता कडक होता रे. त्याच्या नावानं असं पांचट वरण वाढून राहिला?"

एकाच बाईच्या स्वयंपाकाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही, आणि ती म्हणजे माझ्या सासूबाई. काका त्यांना वहिनी म्हणत आणि जरा घाबरूनच असत. सासूबाईंचा आग्रह हा मोठा खमका प्रकार होता. पुढचा माणूस हात आडवा धरतो तो नाही म्हणण्यासाठी, हे त्यांना मान्यच नव्हतं.

पुढे सासूबाईंचा विसराळूपणा वाढत गेला. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं. तरी आमचं बरं चाललं होतं. मग मागच्या हिवाळ्यात त्यांना लघवीचं इन्फेक्शन झालं आणि एका दिवसात बाई पार बदलल्या. हॉस्पिटलला गोंदियाचं स्टेशन समजून गाडी कधी येते विचारू लागल्या, चादरीवरून न दिसणारे दाणे वेचू लागल्या, माझ्या नवऱ्याला, म्हणजे पोटच्या मुलाला, हमाल समजून रागावल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, पण समजुतीच्या. त्यांनी नीट सांगितलं, की हा भ्रम इन्फेक्शनमुळे आहे, औषधानं हळूहळू उतरेल, तुम्ही घाबरू नका. तो उतरलाही. सासूबाई घरी आल्या, गाडीची चौकशी बंद झाली, आणि त्याबरोबर जेवणही बंद झालं.

मी काय केलं नाही! खीर केली, पेज केली, अंडं कुस्करून दिलं, दुधात ती महागडी पावडर घालून दिली. ओठ घट्ट मिटलेले. फार मागे लागलं तर एकच शब्द, "मागून." बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं करून पाहिलं. चष्मा लावायचा, कवळी बसवायची, उजेडात खुर्चीवर ताठ बसवायचं, थोडंथोडं द्यायचं, आणि सोबत बसून आपणही खायचं. मी सोबत खाल्लं. नवऱ्यानं खाल्लं, ड्यूटीवर जायच्या घाईत, उभ्याउभ्या दोन पोळ्या. सासूबाई कुणाच्या तरी घरी पाहुण्या आल्यासारख्या हात मांडीवर ठेवून बघत बसायच्या. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "वजन ऐसे ही गिरता रहा तो नाक से नली की बात करनी पड़ेगी," त्या म्हणाल्या, "और सच कहूँ, मैं चाहती नहीं. ये लोग नली खींच लेते हैं, फिर हाथ बाँधने पड़ते हैं." महिन्याभरानं परत या म्हणाल्या. ते बांधलेले हात माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. भाजी चिरताना मला रडू यायचं आणि मी कांद्यावर ढकलायची.

या सगळ्या काळात वरचे काका आमच्याकडे जेवायला आले नाहीत. तब्येत विचारायचे ती जिन्यातूनच. ब्लॉकमध्ये याची फार चर्चा झाली. माझ्या नवऱ्यानं विचारलं तर म्हणाले, "वहिनी उपाशी बसून हाये अन् मी तिच्यासमोर तोंड चालवू? मले काही लाजशरम हाये का नाई?"

मग एका रविवारी मी वांग्यात सुकट घातलं. पेज ढवळून ढवळून मला कंटाळा आला होता, आणि जरा रागही आला होता, नक्की कुणाचा ते माहीत नाही. वांगं-सुकट म्हणजे काकांची परीक्षाच. थोड्या वेळानं जिन्यावर चपला वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या. काका दारात. "वहिनीले पाहाले आलो," म्हणाले, आणि पाहिलं स्वयंपाकघराकडे. मी ताट वाढलं आणि सासूबाईंच्या समोरच ठेवलं, कारण रिकामी खुर्ची तेवढी एकच होती. काका आधी लाजत खाऊ लागले. मग वांग्यानं आपलं काम केलं आणि लाज गेली. सासूबाई बघत होत्या, पण मांडीवरचे हात आता हलत होते. आणि एकाएकी त्या मला म्हणाल्या, "बघत कावून उभी हायेस? वाढ नं त्याले!"

कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. मी वाढलं. त्यांनी पुन्हा वाढायला लावलं. काका ढेकर देऊन मागे टेकले, हात आडवा धरला आणि पूर्वीसारखंच म्हणाले, "बस झालं वहिनी, पोट भरलं. आता तुमी बसा." सासूबाईंनी समोरची मऊ खिचडी जवळ ओढली आणि स्वतःच्या हातानं खाल्ली. मी भरवायचा चमचा धरून तशीच उभी होते.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यभर ही बाई घरातली माणसं आणि आलागेला जेवल्याशिवाय पानावर बसली नव्हती. आजारानं तिची नावं नेली, चेहरे नेले, पण ही शिस्त काही नेली नाही. ती आपली कुणीतरी पोटभर जेवायची वाट बघत होती, आणि आम्ही दोघं चिमण्यांसारखं टिपत होतो. उभ्याउभ्या दोन पोळ्या म्हणजे तिच्या हिशेबी जेवण नव्हेच.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले. दुसऱ्या दिवसापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ ते इस्त्रीचा शर्ट घालून ड्यूटीवर हजर. पण ड्यूटी वाटली तितकी मजेची नव्हती. सासूबाई त्यांच्या ताटात बघून खायच्या, त्यांच्या मिरचीला हात घालायच्या, आणि तिखट लागलं की ठसका. म्हणून काकांच्या ताटातही तेच आलं : गिला, म्हणजे मऊ ओलसर भात, घोटलेलं वरण, दुधी. "सूनबाई," पहिल्याच घासाला ते म्हणाले, "हे जेवन हाये का भितीले लावाची पुट्टी?" पण खाल्लं. शिवाय त्यांचा वेग बघून सासूबाईही भराभर गिळू लागल्या, तेव्हा काकांना सावकाश खावं लागलं. जन्मात पहिल्यांदा! दोन घासांच्या मध्ये वेळ घालवायला ते मिलमधला एक किस्सा सांगायचे, रोज तोच. सासूबाई रोज नव्यानं हसायच्या. असा श्रोता मले आधी कावून भेटला नाई, असं काका म्हणायचे. आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तूप, दही, शेंगदाण्याचं कूट वहिनींच्या खिचडीत पडतंय की नाही, यावर त्यांची करडी नजर. माझा हात जरा आखडला की ओरड : "घाल नं थोडं! तुह्या बापाचं जाते का?"

महिन्यानं तपासणीला गेलो तेव्हा काकाही बरोबर आले, डबा घेऊन. वजन वाढलं होतं. फार नाही, पण वाढलं होतं. नळीचा विषयच निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणतं औषध दिलं? नवऱ्यानं काकांकडे बोट दाखवलं आणि सगळी हकीकत सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "तो अंकल, आप ही दवाई हैं. दिन में तीन बार."

काकांनी अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "खाने के पहले, कि खाने के बाद?"

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन हेही सांगितलं, की मूळ आजार थांबणार नाही, आज चालतंय ते पुढे चालेलच असं नाही. मला ते माहीत होतं. तरी परवा दुपारी मी घाबरलेच. काकांचं जेवण झालं. ते म्हणाले, "आता तुमी बसा वहिनी." सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. काकांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं म्हटलं, पोटावरून हातही फिरवून दाखवला. नाही. काका माझ्याकडे बघू लागले. त्यांचा इतका घाबरलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी नेहमीसारखी वाढायला दाराशी उभी. "हे पोरगी कोनाची हाये?" त्यांनी काकांना विचारलं. "कवापासून उभी हाये. इले कोनी वाढलं नाई का?"

"मी बसते ना आई, मागून," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मागून काही उरत नाई, पोरी," त्या म्हणाल्या. "मले मालूम हाये. तू बस."

काकांनी उठून मला खुर्ची दिली आणि स्वतः वाढायला उभे राहिले. मी बसले. सासूबाईंना माझं नाव ठाऊक नव्हतं, आणि इतक्या वर्षांत मला इतक्या मायेनं कुणी वाढायला लावलं नव्हतं. मी सावकाश, पोट भरेपर्यंत जेवले. मग सासूबाईंनी ताट जवळ ओढलं.